शुभचित्रात बुद्ध नव्हते

माझं बूड एका जागी टेकत नाही. आई म्हणायची, ही पोटात होती तेव्हापासून लाथा झाडते, भारती कशी गपगार होती. खरं आहे ते. भारतीताई बसली की बसली आणि मी बसले की उठले. अशा माझ्या पुढ्यात महेंद्रदादानं कॉम्प्युटर आणून ठेवला आणि म्हणाला, यशोधरा, आता बस.

दादा पिंपरीला कंपनीत होता. तिथल्या ऑफिसात नवी मशिनं आली, जुनी स्वस्तात निघाली, त्यातलं एक त्यानं टेम्पोत घालून नगरजवळ केडगावला आणलं. सत्त्याण्णव साल होतं. आमच्या गल्लीत तेव्हा फोनसुद्धा एकाच घरी होता, त्यामुळं कॉम्प्युटर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमचं घर काही शिंगणापुरातलं नव्हतं दार नसलेलं, पण जो तो सरळ आत. आई वैतागली. तिनं मशीनवर चादर टाकली आणि चादरीवर धान्य पाखडायचं सूप ठेवून दिलं.

आप्पा गेल्यापासून घरात दादा म्हणेल ती पूर्व दिशा. ताईचं लग्न बुद्धपौर्णिमेनंतर ठरलं होतं आणि त्यानं मला बजावलं होतं की ताईच्या लग्नाची पत्रिका तू या मशीनवर करून दाखव. जमलं तर मशीन तुझं. नाही जमलं तर लग्न उरकून पुण्याला जाताना मी ते घेऊन जाणार, तुझ्या वहिनीच्या भावाला अभ्यासाला हवंच आहे. वर हसत म्हणाला की मग तुझाही नंबर लावून टाकू. नंबर म्हणजे लग्नाचा. मी आतून नुसती पेटले. माळीवाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासला मी वर्षभर गेले होते. तिथं एका मशीनवर चारचार मुली, आणि मला कायम पुढच्या मुलीचा खांदाच दिसायचा. आता कुठं स्वतःचं मशीन घरात आलं होतं, ते मी असं कुणाला जाऊ देणार होते?

दुसऱ्याच दिवशी मी फक्रुद्दीनचाचांच्या प्रेसवर गेले. दाळमंडईच्या मागं त्यांची ट्रेडल मशीन होती, पायानं चालवायची. आमच्या समाजातल्या पत्रिका, केडगावपासून पार मिरजगावापर्यंतच्या, त्यांच्याकडंच छापून व्हायच्या. बौद्धांच्या पत्रिकेवर वरच्या बाजूला एकीकडं भगवान बुद्ध आणि एकीकडं बाबासाहेब असतात, ते दोघं नसतील तर पत्रिका घेऊन कुणाच्या दारात उभं राहता येत नाही. चाचांनी ड्रॉवर ओढून चित्रं छापायचे जस्ताचे दोन ब्लॉक काढले. बाबासाहेबांचा ब्लॉक नवा होता, जयंतीला लागतो म्हणून केलेला. बुद्धांचा मात्र वर्षानुवर्षं छापून छापून घासला गेला होता. नाक गेलेलं, डोळे गेलेले, राहिलं होतं ते फक्त डोक्यामागचं वर्तुळ.

"चेहराच राहिला नाही बेटी यात," चाचा म्हणाले. "तू तुझ्या मशीनवर पत्रिका जुळव, बुद्धांचं चित्र त्यातच घाल आणि पांढऱ्या कागदावर काळं लख्ख काढून आण. मी त्याचा ब्लॉक करून घेतो."

शनिवारपर्यंत आण म्हणाले, पुढं लग्नसराईची गर्दी आहे. मी हो म्हणून उड्या मारत निघाले आणि चितळे रोडवर येईपर्यंत ध्यानात आलं की मशीन आहे, पण पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर कुठं आहे आपल्याकडं? मशीनमध्ये होते पत्त्यांचे खेळ.

चितळे रोडला योगेशचं दुकान होतं. टायपिंग, डिझाइन, लेसर प्रिंट. क्लासमध्ये माझ्याच बरोबर होता, पण बापानं दुकान टाकून दिलं तेव्हापासून मान वर करून बोलायचा. तो म्हणाला, घ्यायचं तर मोठं पॅकेजच घे, सगळं नगर तेच वापरतं, विकत कोण घेतंय, मी कॉपी करून देतो. फ्लॉप्यांची चवड घेऊन मी घरी आले. दुपारभर एकेक फ्लॉपी घातली. पॅकेज सुरू झालं, म्हणजे व्हायला लागलं. मी चहा ठेवला, उकळला, गाळला, प्यायले, तरी पडद्यावर घड्याळच. एकदाचं उघडलं तर बाण जागचा हलेना. आमच्या म्हाताऱ्या मशीनला ते पेलतच नव्हतं. तिथल्या तिथं सगळं पुसून टाकलं आणि फ्लॉप्या योगेशला परत नेऊन आपटल्या.

मग त्यानं मला मराठीचं भारी पॅकेज दाखवलं. अक्षरं म्हणजे नुसती बघत राहावी अशी. पण ते चालायचं त्याच्या मशीनच्या मागं लावलेल्या एका छोट्या डबीवर, तिला कुलूप म्हणायचे, कुलूप काढलं की अक्षर उमटत नाही, आणि कुलपासकट किंमत आमच्या मशीनपेक्षा जास्त. योगेशनं मशीन वळवून ते कुलूप मला असं दाखवलं की जसं काही घरातलं सोनं दाखवतोय. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडंच, आणि चालू लागले. त्या आठवड्यात मी जो भेटेल त्याला विचारत सुटले होते. क्लासच्या सरांनी एक सांगितलं, दादाच्या मित्रानं दुसरं, आणि एकानं तर इंग्रजी मासिक हातात दिलं, ज्यात सगळी सॉफ्टवेअरं अमेरिकेतली. रात्री पडले तरी डोळ्यासमोर सॉफ्टवेअरची खोकीच खोकी.

गुरुवारी एका मंगल कार्यालयात कॉम्प्युटरचं प्रदर्शन लागलं होतं. तिथं मला 'शुभचित्र' सापडलं. लाल खोकं, वर हसरं कुटुंब कॉम्प्युटरभोवती बसलेलं, आणि लिहिलेलं की घरगुती वापरासाठी, साध्या मशीनवर चालतं, मराठी अक्षरं आत, सर्व धर्मांची शेकडो तयार चित्रं आत. स्टॉलवरचा माणूस म्हणाला, ताई, पत्रिका तर याच्यात आधीच तयार आहेत, तुम्ही नुसती नावं बदला. मला आणखी काय पाहिजे होतं? लग्नात नेसायच्या साडीसाठी दादानं पैसे दिले होते, ते तिथंच मोजले. घरी जाऊन ठरवू, उद्या येऊ, असलं मला येतच नाही.

साध्या मशीनवर चालतं हे खरं निघालं. झटकन उघडलं. मी देवाधर्माचा कप्पा उघडला आणि एकेक चित्र बघत गेले. गणपती होते, बसलेले, उभे, नाचणारे. कलश होते, सनया होत्या, चंद्रकोर होती, क्रूस होता, नाताळचं झाड होतं. शेवटपर्यंत गेले. परत पहिल्यापासून सुरुवात केली. बुद्ध नव्हते. मग सगळे कप्पे उपसले, फुलं, प्राणी, क्रिकेट, वाढदिवस. पर्यटनाच्या कप्प्यात एक पोट सुटलेला चिनी म्हातारा हसत बसलेला सापडला आणि खाली नाव होतं बुद्ध. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सर्व धर्मांची चित्रं म्हणे. आम्ही काय कुठल्या कोपऱ्यात बसलोय की यांना दिसलोच नाही?

तशीच सायकल काढून प्रदर्शनात गेले. स्टॉलवाला म्हणाला, सील फोडलंय ना, परत घेता येत नाही. मी त्याला काय काय बोलले ते सांगत नाही, पण शेजारच्या दोन स्टॉलवरची गिऱ्हाइकं इकडं बघायला लागली. तिथून योगेशकडं गेले. घरातल्या भिंतीवरचा बुद्धांचा रंगीत फोटो स्कॅन करून मिळेल का म्हणून तोही काढून नेला होता. तो केला त्यानं, पण रंगीत चित्र काळ्यापांढऱ्यात आलं ते सगळं डांबर फासल्यासारखं. त्याचा ब्लॉक केला असता तर पत्रिकेवर नुसता काळा डाग उमटला असता. घरी आले तर आई दारातच उभी. भिंतीवरचा फोटो कुणाला विचारून नेलास, म्हणून तिनं मला फैलावर घेतलं. मी फोटो खिळ्याला लावला आणि न जेवता झोपले.

सकाळी मात्र मी शुभचित्र पुन्हा उघडलं. तयार चित्रांकडं बघितलंच नाही. त्यात रेषा काढायचं एक साधं हत्यार होतं, मुलांनी घर-डोंगर काढावेत म्हणून ठेवलेलं असावं. टिंबं टाकायची, टिंबांना रेष जोडली जाते, रेष ओढून वाकवायची. म्हटलं, तुम्ही नाही दिलं तर नाही, मी काढते. भिंतीवरच्या फोटोकडं बघत मी माऊसनं बुद्धांचं डोकं काढायला लागले. त्या पॅकेजची एक तऱ्हा होती, आपण ज्या क्रमानं रेषा काढल्या त्याच क्रमानं चित्र उघडताना ती एकेक रेष पडद्यावर यायची, हळूहळू, कुणी समोर बसून काढल्यासारखी.

केस जमले, कान जमले, ओठांनाही फार त्रास झाला नाही. डोळे येईनात. अर्धे मिटलेले, खाली वळलेले डोळे, त्यात काय एवढं? पण मी काढले की ते एक तर झोपलेले दिसायचे, नाही तर रागावलेले. बहुतेक माझेच डोळे उतरत होते. काढायचं, पुसायचं, उठायचं, पाणी प्यायचं, दारात जाऊन यायचं, परत काढायचं. शनिवार उद्यावर आला होता. दुपारी कसेबसे बरे म्हणावे असे डोळे झाले आणि लाईट गेली. सेव्ह करायचं राहिलं होतं. केसांपासून सगळं चित्र गेलं. मी टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की मशीनवरून काढून शेजारी ठेवलेलं सूप खाली पडलं.

ताई आतून आली. सूप उचललं, समोर भिंतीला टेकून बसली आणि लग्नाच्या जेवणाचे तांदूळ त्यात घेऊन निवडायला लागली. लाईट आली तशी मी परत सुरुवात केली, केस, कान, कपाळ, ओठ. या वेळी हात सरावले होते. डोळ्यांशी आले आणि अडले. मान वर केली तर समोर ताई. खाली बघत होती. पापण्या निम्म्यावर आलेल्या, झोपेतही नाही आणि आमच्यातही नाही. खडा दिसला की बोट जायचं, पण पापणी हलायची नाही. महिन्याभरानं ती या घरात असणार नाही हे मला तोपर्यंत माहीत होतं, पण कळलं ते त्या घडीला. मी टिंबं टाकायला लागले. भिंतीवर बघितलं नाही, ताईकडंच बघितलं.

"काय बघतेस गं?" तिनं मान न उचलता विचारलं.

"काही नाही. निवड तू."

ती निवडत राहिली आणि मी, जन्मात पहिल्यांदा, उठले नाही. डोळे झाले. मी सेव्ह केलं, चित्राखाली पत्रिकेचा मजकूर जुळवला, परत सेव्ह केलं, दोन फ्लॉप्यांवर घेतलं. मग भीती वाटायला लागली. भगवान बुद्धांना बहिणीचे डोळे लावलेत हे आईला कळलं तर ती मला उभी चिरेल. मी कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं, ताईलासुद्धा.

फ्लॉपी घेऊन संध्याकाळी योगेशकडं गेले तर त्याच्या मशीनवर माझी फाईल उघडेना. हे काय घरगुती खेळणं घेतलंस, म्हणून तो हसायला लागला. शुभचित्र त्याच्याकडं नव्हतं आणि लेसर प्रिंटर माझ्याकडं नव्हता. शनिवारी सकाळी मी आमच्या मशीनचा डबाच उचलला, गोधडीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. आई म्हणाली, हाय बया, माझी एक लेक निघालीच हाय सासरी, आता हिला बी गोधडीत घालून कुठं नेतेस? योगेशच्या प्रिंटरला माझा डबा जोडला. कागद बाहेर आला. योगेश हसायचा थांबला आणि कागद बराच वेळ हातात धरून बसला, शेवटी मलाच तो हिसकावून घ्यावा लागला.

चाचांनी कागद उजेडात धरला. हे चित्र कुठून मिळालं म्हणून विचारलं. मी काढलं म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. बाबासाहेबांचा ब्लॉक त्यांनी त्याच्या शेजारी ठेवून अंतर मापलं आणि म्हणाले, लग्न झाल्यावर याचा ब्लॉक मी इथंच ठेवून घेतो, जुन्याला आता विश्रांती.

पत्रिका छापून आल्या. दादाला दाखवली, तो छान म्हणाला, तेवढंच. आईनं एक घेतली, खिडकीपाशी नेली आणि उभ्यानं बघत राहिली. माझा जीव टांगणीला. ती पत्रिका पदराआड घेऊन आत गेली. पुढं कितीदा मी तिच्या मागंमागं केलं, पण ती विषय काढू देईना. नाराज आहे एवढंच मी धरून चालले.

लग्न झालं. पांढऱ्या साडीत ताई खाली बघत उभी होती आणि वंदना चालू होती, तेव्हा मला तिच्याकडं बघवेना. मिरजगावची लंकाबाई मावशी पत्रिका हातात घेऊन मला विचारत होती, लई गोड चेहरा हाय गं, हे चित्र कुठं मिळतं? मी म्हटलं, मिळत नाही. संध्याकाळी ताई गेली. घरात मला बसवेना आणि उठूनही कुठं जावं ते कळेना.

तिसऱ्या दिवशी दादा निघाला. दारात टेम्पो उभा होता. तो मशीनपाशी गेला आणि वायरी काढायला लागला. मी म्हटलं, दादा, तू शब्द दिला होतास. तो म्हणाला, पत्रिका चांगली झाली, मी कुठं नाही म्हणतोय, पण एका पत्रिकेसाठी एवढं मशीन घरात धूळ खात ठेवायचं का? तिकडं पोरगं वाट बघतंय, मी सांगून बसलोय. तुझं काय, वर्षा-सहा महिन्यांत तूही जाशील. मला रडू आवरेना आणि राग तर त्याहून आवरेना. दादानं पडद्याची वायर काढली, चादर घडी करून बाजूला ठेवली आणि डबा उचलायला वाकला.

"महेंद्रा, ती वायर लाव परत," आई आतल्या दारातून म्हणाली.

"आई, टेम्पोवाला थांबलाय."

"थांबू दे. मला भारतीचं चित्र बघायचंय."

दादा हसला. आई, ते भगवान बुद्धांचं चित्र आहे, पत्रिकेवरचं, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. मी भिंतीला चिकटले. आई पुढं आली. पदराआडची पत्रिका तिच्या हातात होती, कडा मऊ पडलेल्या.

"डोळं कुणाचं हायेत ते मला नको शिकवू. अंगावर पिताना ही लाथा झाडायची, आन् भारती अशी खाली बघत ऱ्हायची. असंच. मी येकटीनं बघितल्यात ते डोळं." तिनं पत्रिका दादाच्या तोंडापुढं धरली. "यात चिमूटभर दिसत्यात. मशीनमधी मोठं दिसत्यात. ही काढत हुती तवा मी मागं उभी हुते. मशीन गेल्यावर मी कुठं बघू?"

दादानं पत्रिका हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग माझ्याकडं बघितलं, आणि मी हो म्हणून मान हलवली. तो खाली बसला आणि वायरी परत लावायला लागला, पण कुठली कुठं ते त्याला जमेना, मलाच पुढं व्हावं लागलं. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. दादानं तिथूनच ओरडून त्याला जायला सांगितलं.

मशीन सुरू झालं. मी शुभचित्र उघडलं आणि फाईल लावली. आधी केस यायला लागले, एकेक रेष, मग कान, मग कपाळ, मग ओठ. आईनं डोक्यावर पदर घेतला. डोळे मी सगळ्यात शेवटी काढले होते, त्यामुळं ते यायला अजून वेळ होता, आणि तोवर आम्ही तिघंही तिथंच उभे राहिलो.